मूतखड्याची होडी

मश्रीच्या मूतखड्याबद्दल वाळवंटातल्या सिवा गावात जितकी तोंडं तितकी मापं आहेत. कुणी म्हणतं खजुराच्या बीएवढा होता, कुणी म्हणतं जैतुनाच्या. ज्यांनी तो पाहिलाच नाही त्यांचं माप सगळ्यांत मोठं. आणि ज्याच्या पोटातून तो निघाला त्याला तर विचारूच नये. सांगताना तो दोन्ही हात असे फाकवतो की समोरच्याने आपलं गाढव चार पावलं मागे घ्यावं. ते असो. खडा केवढा होता त्यापेक्षा तो तिथे बसला कसा आणि उठला कसा, ही गोष्ट ऐकण्यासारखी.

खड्याचं मूळ एका लग्नात होतं. मश्रीचा मेहुणा सिनूसी, म्हणजे त्याच्या बायकोचा, हनीयाचा, धाकटा भाऊ. त्याच्या मुलीचं लग्न. अशा वेळी एक अख्खं खजुराचं झाड पाडतात आणि त्याच्या शेंड्यातला गाभा काढतात. पांढरा, लोण्यासारखा, जिभेवर ठेवला की आधी गोड आणि मग नुसता गार. झाडाचा जीवच तो, म्हणून ज्याचा मान मोठा त्याच्यापुढे ताट आधी जातं. मश्री नवरीचा आतोबा. त्याने मिशीवरून हात फिरवून जागा करून ठेवली होती. ताट त्याच्या नाकासमोरून गेलं आणि मत्रूहहून आलेल्या एका खजुराच्या व्यापाऱ्यापुढे टेकलं. व्यापारी बिचारा दातांनी अधू. त्याने गाभा चघळून चघळून शेवटी रुमालात गुंडाळला.

मश्री उठला. सगळ्या मांडवादेखत म्हणाला, "सिनूसी, मी मेलो तरी तुझ्या झऱ्याचं पाणी मागणार नाही."

सिनूसीलाही रक्त होतं. तो म्हणाला, "आणि भावोजी, तुम्ही मागितल्याशिवाय मी मेलो तरी देणार नाही."

झालं. दोन शब्द एकमेकांत असे अडकले, जशी एका दारातून निघालेली दोन गाढवं.

आता हे पाणी म्हणजे काय ते सांगायला हवं. सिनूसीच्या बागेतला झरा गोडा. गोल बांधलेल्या कुंडाच्या तळातून बुडबुडे वर येतात, हळूहळू, कुणीतरी खाली झोपेत श्वास घ्यावा तसे. मश्रीच्या बागेतही झरा होता, पण त्याच्या पाण्याने चूळ भरली तरी माणसाला समुद्र आठवावा, आणि मश्रीने समुद्र कधी पाहिला नव्हता. खजुराला ते चालतं, जैतुनाला चालतं, माणसाला नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मश्रीच्या घरचं प्यायचं पाणी शेजारच्या कुंडातून यायचं. शब्द दिल्यापासून घरात दोन घागरी झाल्या. एक हनीयाची, भावाकडून आणलेली. दुसरी मश्रीची. हनीयाने एकदा गुपचूप आपल्या घागरीतलं पाणी त्याच्या चहाला लावून पाहिलं. पहिला घोट जिभेवर ठेवूनच मश्रीने पेला खाली ठेवला, काही न बोलता चपला घातल्या आणि दिवसभर उपाशी बागेत बसला. पुन्हा ती त्या वाटेला गेली नाही.

बाकी गोडे झरे होते की गावात. पण परक्याच्या कुंडावर घागर घेऊन उभं राहायचं म्हणजे मेहुण्यावाचून आपलं अडलं हे चारचौघांत कबूल करायचं. बाटलीतलं पाणी अजून यायचं होतं. म्हणून मश्रीने पाण्याचं नावच टाकलं. तो चहावर जगू लागला. काळा, उकळून उकळून घट्ट केलेला, खारटपणा झाकायला साखरेचा डोंगर घातलेला. लोक विचारत, तहान लागत नाही का? तो म्हणे, तहान ही बायकांची आणि गाढवांची गोष्ट.

खजूर उतरवून झाले की पौर्णिमेला सगळं सिवा डकरूरच्या डोंगराखाली जमतं आणि एकत्र जेवतं. पहिला घास घ्यायच्या आधी ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्याने मिटवायचं, अशी रीत. न मिटवता जेवेल त्याच्या तोंडचा घास त्या डोंगराला लाजतो म्हणतात. मश्री दरवर्षी गेला. सिनूसीच्या गळ्यात गळा घातला, एका परातीतून त्याच्यासोबत भात आणि मटण खाल्लं, आणि पाण्याचा तांब्या फिरत आला की वरच्यावर पुढे सारला. म्हातारी मंडळी भांबावली. मश्रीने त्यांना समजावलं की वडिलांनी रीत घालून दिली ती जेवणाची, पिण्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही. सगळ्यांनी दाढ्या खाजवल्या. उत्तर कुणालाच सुचलं नाही.

उत्तर सुचलं ते मश्रीच्या उजव्या मूत्रपिंडाला.

एका सकाळी तो खजुराच्या बुंध्याला टेकून बसला होता आणि पाठीत कुणीतरी खिळा ठोकला. खिळा कमरेतून जांघेपर्यंत उतरला, तिथे थांबला, मग पुन्हा वर गेला. मश्री जमिनीवर आडवा, मग पालथा, मग चार पायांवर. कुठल्याच अंगाला चैन नाही. गाढव त्याच्याकडे बघत राहिलं. आपल्या धन्याला अखेर अक्कल आली असं त्याला वाटलं असणार.

मूतखडा म्हटल्यावर गावात प्रत्येकजण हकीम. एकाने खिल्ला नावाच्या रोपाच्या वाळक्या काड्या आणल्या, दात कोरायच्या असतात त्याच. म्हणाला, यांचं बी उकळून घे, आतल्या नळ्या सैल होतात. दुसऱ्याने गवती चहाची जुडी टाकली. तिसरीने सातूचं पाणी सांगितलं, चौथ्याने जैतुनाचं तेल आणि लिंबू, पाचव्याने तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पाठीला. वीट मात्र बरी वाटली. ती पाठीशी असेपर्यंत खिळा जरा बोथट व्हायचा. बाकी सगळ्या उपायांना पाणी लागत होतं, आणि मश्रीने सातू काय, खिल्ला काय, सगळं आपल्याच घागरीत उकळलं. मिठात शिजवलेलं औषध. हनीया चुलीपाशी बसून कपाळाला हात लावे.

एका शहाण्याने गाढवगाडीत खडबडीत रस्त्याने फिरायला सांगितलं, म्हणजे खडा हादरून पडेल. मश्री जैतुनाच्या घाण्यापर्यंत जाऊन आला. गाडीचं चाक पडलं. खडा नाही.

मग तो दवाखान्यात गेला. तिथे अलेक्झांड्रियाचा एक डॉक्टर होता, पातळ आवाजाचा. त्याने सुई दिली आणि सुईबरोबर स्वर्ग आला. मश्री बाकावर बसून मिनिटभर नुसता हसत राहिला. डॉक्टर म्हणाला की खडा लहान आहे, कापाकापी नको, आपल्या वाटेने निघेल, पण त्याला वाहून न्यायला पाणी हवं. गोडं पाणी, भरपूर, लघवी अगदी पाण्यासारखी दिसेपर्यंत. चहाने भागणार नाही. ताप आला, उलट्या थांबेनात किंवा लघवीच बंद झाली तर तसंच उठून इकडे यायचं.

मश्रीने विचारलं, "कुठलं पाणी?"

डॉक्टरला प्रश्नच कळला नाही. "पाणी म्हणजे पाणी, हाजी," तो म्हणाला. समुद्राकाठच्या माणसाचं बोलणं. त्यांना काय, एकच झरा, तोही न संपणारा.

घरी येऊन मश्री विचारात पडला. विचार करून माणूस जे जे वाईट करतो ते सगळं त्याने त्या दुपारी केलं. तो म्हणाला, गुडघे दुखले की आपण वाळूत जातो. कंबर धरली की वाळूत जातो. ज्या बाईला मूल होत नाही तिला वाळूत घालतात, ज्याचा बाप मेला आणि रडू येत नाही त्यालाही घालतात. डकरूरच्या वाळूने बरी झाली नाही अशी गोष्ट नाही. थंडीत जैतुनाचं तेल गोठतं, उन्हात ठेवलं की वितळतं. साखरेचा खडा वितळतो. मग हाही खडाच.

हनीया म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी पाणी आत घालायला सांगितलंय. तुम्ही बाहेर काढायला निघालात."

मश्रीने तिला सांगितलं की डॉक्टर सिवाचा नाही, त्याला वाळू काय माहीत. आणि निघाला.

डकरूरच्या पायथ्याशी अय्यादचे खड्डे. अय्याद हा वाळूत माणसं पुरणारा. त्याचा बापही पुरायचा. सकाळी खड्डे उकरायचे, दुपारपर्यंत वाळूला ऊन पाजायचं, मग माणूस उघडा करून आडवा झोपवायचा आणि गळ्यापर्यंत झाकायचा. डोकं तेवढं बाहेर, त्यावर चार काड्यांवर फडक्याची सावली. ठरला वेळ झाला की उकरून घोंगडीत गुंडाळायचं आणि तंबूत न्यायचं. वाऱ्याची झुळूक लागू द्यायची नाही, गार पाण्याचा थेंब द्यायचा नाही, कोमट मेथीचा काढा द्यायचा. मश्रीने खड्याबद्दल काही सांगितलं नाही. म्हणाला, कंबर. अय्यादने त्याला झाकलं आणि तंबूकडे गेला.

वाळूचं ओझं आधी अंगावर येतं, मग अंग वाळूवर येतं, आणि मग कोण कुणावर आहे ते समजेनासं होतं. मश्रीने डोळे मिटले. आपण डोंगराचा पाय आहोत, आपल्याला बोटं नाहीत, असं त्याला वाटू लागलं. घामाचे ओघळ पाठीखालून जमिनीत उतरत होते. त्याला ते दूरच्या कुणाचे तरी वाटत होते.

तेवढ्यात बाजूला कुणी खोकलं.

मान वळेना. त्याने डोळे तिरके केले. शेजारच्या फडक्याखाली दुसरं डोकं होतं. पांढरी दाढी, मोठे कान. सिनूसी. त्याचे गुडघे गेले होते, दर उन्हाळ्यात तो यायचा. दोन खड्ड्यांत हातभर अंतर. दोघांनाही उठून जाता येईना, पाठ फिरवता येईना, हात तर दोघांचेही जमिनीखाली. हे अय्यादने मुद्दाम केलं असं कुणी म्हटलं की तो शपथेवर सांगतो, त्या दिवशी दोनच खड्डे तापले होते.

बराच वेळ दोन्ही डोकी आकाशाकडे बघत होती. मग सिनूसीने हवेला उद्देशून विचारलं, की काही लोकांच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, मग ते इथे कसे? मश्रीने हवेलाच सांगितलं, की काही लोकांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघावं. सिनूसी म्हणाला, दिसत नाहीत, पुरलेत. यावर मश्रीला हसू आलं असतं. पण त्याच क्षणी खिळा ठोकला गेला.

या वेळी कुशीवर व्हायला जागा नव्हती, पालथं व्हायला नव्हती. कळ आली आणि वाळूत कोंडली. उन्हात तापलेला सगळा डकरूर त्या एका खिळ्यावर टेकला. मश्रीची जीभ टाळूला चिकटली. घाम यायचा थांबला. समोरची हवा हलू लागली, फडक्याची सावली पातळ झाली, आणि मग ऊन निळं झालं.

निळं, आणि खोल. डकरूरच्या वाळूत शिंपले सापडतात, सगळ्यांनाच ठाऊक आहे. कधीतरी इथे समुद्र होता. तो परत आला होता. मश्रीच्या डोक्यावरून मासे जात होते, सावकाश, लग्नाला निघाल्यासारखे. खजुराची झाडं तळाशी उभी होती आणि त्यांचे शेंडे प्रवाहात एका बाजूला झुकत होते. बागांच्या भिंतींवरून खेकडे चालले होते. सगळीकडे पाणी आणि मश्री एकटा कोरडा, जशी पुरातली एक बंद खोली.

त्या खोलीत कुणीतरी बसलं होतं. छोटासा माणूस, खडबडीत, पिवळट, अंगावर मिठाचे काटे. मांडी घालून बसला होता आणि कंटाळला होता.

मश्री म्हणाला, "तूच का तो? निघ इथून."

छोटा माणूस म्हणाला, "मी काय हौसेने बसलोय? केव्हाचा निघालोय. बांधाबांध झाली आहे. होडी पण आहे." त्याने शेजारी बोट दाखवलं. खजुराच्या फांदीची एक होडी कोरड्या फरशीवर कलंडून पडली होती. "ढकलत ढकलत दारापर्यंत आणली, तर फरशी खरडते आणि तू बोंबलतोस. होडीला काय लागतं, मश्री?"

मश्रीने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर अथांग निळं. त्याने खिडकी उघडायला हात उचलला, तर हातच नव्हते.

"खिडकी हाताने उघडत नाही," छोटा माणूस म्हणाला. आणि जांभई दिली.

मग कुठूनतरी वरून, पाण्याच्या पलीकडून, त्याला आपलं नाव ऐकू आलं. कुणी भावोजी भावोजी करत होतं. आवाज घाबरलेला होता. मश्रीने डोळे उघडले. निळं ओसरलं, पांढरं ऊन, फडकं, आणि हातभर अंतरावर सिनूसीचं डोकं, त्याच्याकडे वळायला धडपडणारं, मानेच्या शिरा फुगलेल्या.

सिनूसीने विचारलं, काय होतंय. मश्रीने एका शब्दात सांगितलं, खडा. सिनूसीने आधी सगळ्या वाळूला शिव्या दिल्या, अय्यादला दिल्या, आणि शेवटी मश्रीला दिल्या, की गाढवालाही कळतं, तुला कळत नाही, खडा घेऊन कुणी भट्टीत बसतं का? पण पाण्याचं नाव त्याने काढलं नाही. तंबूत त्याची सुरई होती, आपल्या झऱ्याचं पाणी भरून, ओल्या नव्हे, सुक्या फडक्यात गुंडाळलेली, कोमट राहावं म्हणून. मश्रीला ती माहीत होती. मश्रीला ती माहीत आहे हे सिनूसीला माहीत होतं. एक शब्द याच्या घशात आडवा, एक त्याच्या.

मश्रीने ओठ ओले करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. अखेर तो आकाशाकडे बघत म्हणाला, "तुझा झरा खारा झाला म्हणतात. खरं का?"

सिनूसीच्या दाढीतली वाळू खाली गळली.

"कुणाच्या सांगण्यावर कशाला जाता," तो म्हणाला. "चाखून बघा."

"बघतो."

मग सिनूसी ओरडला. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस असा ओरडला की डोंगरावरची कबुतरं उठून थेट लिबियात उतरली, असं तिकडून आलेले लोक अजून सांगतात. अय्याद धावत आला. सुरई मागितल्यावर तो अडून बसला. वाळूत असताना पाणी नाही, बापाने कधी दिलं नाही, आजाने दिलं नाही, पाप डोक्यावर येईल. सिनूसी म्हणाला, "माझ्या डोक्यावर घाल. तेवढंच बाहेर आहे."

अय्यादने सुरईची तोटी मश्रीच्या ओठांना लावली.

पहिला घोट आत गेला तेव्हा मश्रीला काही चव लागली नाही. दुसऱ्याला लागली. ती तशीच होती. इतकी वर्षं त्याने मनात ठरवून ठेवलं होतं की ते पाणी आता तसं राहिलेलं नसणार, मातकट झालं असेल, हिरवं झालं असेल. तशीच होती. तो पीत राहिला, हनुवटीवरून सांडत, आणि डोळ्यांतूनही सांडत, पण ते उन्हामुळे असं तो सांगतो.

पुढचं सगळं घाईचं झालं. दोघांनाही उकरलं, घोंगड्या गुंडाळल्या, गाडीत घातलं. सिनूसी आपले अर्धे भाजलेले गुडघे घेऊन मश्रीचं डोकं मांडीवर धरून बसला. दवाखान्यात डॉक्टरने सुई दिली, सलाईन लावली, आणि पातळ आवाजात असं झापलं की मश्रीने पुन्हा वाळूचं नाव घेणार नाही असं कबूल केलं. कंबरेसाठी सुद्धा नाही. मग सिनूसीच्या घरून घागरी येऊ लागल्या. एक उतरली की दुसरी. हनीया सातू शिजवून गाळून आणत होती, खिल्ल्याचा काढा आणत होती, आणि डॉक्टर म्हणत होता आणा, पण नुसतं पाणीही आणा. तापवलेली वीट पाठीशी होती. कळ यायची, पण आता ती तळाशी खरडत नव्हती. वरच्यावर तरंगत यायची आणि पुढे जायची. मश्री अर्धवट झोपेत वल्ह्यांचा आवाज ऐकत पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या अजानआधी तो भिंतीला धरून मोरीत गेला. आधी गप्प. मग तामलेटात टण्ण. बाहेर बांधलेल्या सगळ्या गाढवांनी एकदम कान उभे केले, आणि सिनूसी दाराशी उभा होता तो तिथेच खाली बसला. डॉक्टरने खडा कागदावर घेऊन पाहिला आणि म्हणाला, गव्हाच्या दाण्याहून लहान आहे. मश्रीने त्याला चष्मा बदलायला सांगितलं.

निघताना डॉक्टरने पुन्हा बजावलं की पाणी सोडलं तर दुसरा खडा होईल. तेव्हापासून मश्री रोज उन्हं कलली की घागर घेऊन सिनूसीच्या कुंडावर जातो. वाटेत कुणी टोकलंच तर म्हणतो, डॉक्टरांनी सांगितलंय. काठावर बसतो. तळातून बुडबुडे वर येतात, फुटतात, आणि दोघे म्हातारे खजुराला या साली कीड लागणार की नाही यावर भांडतात. कधीकधी तो घागर घरीच विसरतो. मग तिथेच बसून ओंजळीने प्यावं लागतं, आणि त्याला फार वेळ लागतो.